बॅटरीचा विटाळ

आमच्या घरात दोन गोष्टींना विटाळ चालत नसे. एक लोणच्याची बरणी आणि दुसरी बॅटरी. लोणच्याचं एक वेळ सोडून देते, कारण ते घरोघरी होतं. बॅटरीचं मात्र आमच्याच घरात निघालं, आणि ते पाळणारा माणूस रोज सकाळी अॅसिडची घनता मोजून दुकान उघडणारा होता, याचा राग मला आजही येतो. वय वाढलं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

घर आंजीला, आर्वी रोडला लागून, बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढची खोली म्हणजे बाबांचं बॅटरीचं दुकान, मागच्या दोन म्हणजे घर, आणि मधल्या दाराला पोत्याचा पडदा, कारण कापडाचा टिकत नसे. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, लग्नातल्या लाऊडस्पीकरच्या बॅटऱ्या फळीवर ओळीने मांडलेल्या असत. चार्जर दिवसभर घूं करत राही आणि भरत आलेल्या बॅटरीच्या सेलमधून चुलीवरच्या वरणासारखी बारीक बुडबुड ऐकू येई. वीज गेली की तो आवाज एकदम थांबायचा आणि मग कळायचं की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो. अॅसिडचा थेंब कापडावर पडला तर त्या दिवशी काही दिसत नाही. धुतलं की तिथे छिद्र पडतं. माझे सगळे फ्रॉक आणि पुढे सगळ्या ओढण्या अशा चाळणी झालेल्या होत्या. खायच्या सोड्याचा डबा घरात एकच. टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढला की त्यावर सोड्याचं पाणी ओततात, फेस येऊन खार निघतो, मग कोरडं पुसून वर व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. आई भजी करायला बसली आणि डबा रिकामा निघाला की पडद्यातून विचारायची, "सोडा कोणं संपवला?" बाबा पलीकडूनच सांगायचे, "ट्रॅक्टरनं खाल्ला." त्या दिवशी भजी कडक व्हायची आणि आम्ही ती गोळ्याच्या कढीत बुडवून मऊ करून खायचो.

मी बारा वर्षांची असताना बाबांना चाळिशी लागली, आणि चष्मा घालायची त्यांना लाज वाटे. म्हणून हायड्रोमीटर माझ्या हातात आला. काचेची जाड नळी, वर रबरी फुगा. फुगा दाबून सेलमधलं अॅसिड ओढायचं आणि आतली कांडी किती वर तरंगते ते बघायचं. हिरव्या पट्टीत आली तर सेल भरलेला, लाल पट्टीत बुडाली तर उतरलेला. "कांडी कुठं आली, अर्चे?" हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकलं असेल. सहाही सेलची टोपणं काढायची, प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल पाणी घालायचं, काठोकाठ नाही. अॅसिड कधी घालायचं नाही, कारण उडतं ते पाणी, अॅसिड जागेवर राहतं. वायर काढताना आधी काळी, मग लाल. बसवताना आधी लाल, मग काळी. उलट केलं आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. हे सगळं मला बाबांनी शिकवलं आणि फार चांगलं शिकवलं. तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दर महिन्याला चार दिवस हे सगळं बंद. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडे राहायला आलेली, हिच्या हातात घराचे नियम होते. मागच्या पडवीत वेगळी चटई, वेगळं ताट, भाकर वरून टाकायची. हेही तेव्हा पुष्कळ घरांत होतं. पण बॅटरीचं कलम कुठून आलं, तर माझ्या जन्माआधी एकदा बाबा गावाला गेले असताना आईने कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी घातलं, तेव्हा तिची पाळी होती, आणि ती बॅटरी आठवड्यात बसली. जुनी होती, बसणारच होती. आत्याने निकाल दिला, "लोनचं नासते, तशीच बॅटरी नासते. दोन्हीत आंबटच असते." बाबा यावर हसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. ते हसले नाहीत. बाहेर बसलेल्या बायकांच्या हाताने बॅटरी खराब होते हे गिऱ्हाइकाला सांगणं त्यांना पुढे सोयीचंही पडू लागलं.

त्यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची होती, तर गावाला माझ्या पाळीच्या तारखा ठाऊक होत्या. मी फळीपाशी दिसले नाही की गिऱ्हाईक विचारायचं, "पोरगी नाई आज?" बाबा म्हणायचे, "बाहेर आहे." आणि समोरचा माणूस, मग तो ट्रॅक्टरवाला असो की बँडवाला, समजूतदारपणे मान हलवून "बरं बरं" म्हणायचा. पडवीत बसून मला ते "बरं बरं" ऐकू यायचं. चौदाव्या वर्षापासून बसथांब्यावरच्या प्रत्येक बाप्याकडे माझं पंचांग होतं.

मी बारावी झाले त्या वर्षी गावात एक नवी कोरी गाडी आली. ती वानखेडे मॅडमच्या घरची. मॅडम मला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. सासर आंजीचं, शेती मोठी, म्हणून त्या रोज बसने वर्ध्याला जाऊन येत आणि गाडी घराबाहेरच्या शेडमध्ये आच्छादन घालून उभी असे. रविवारी तेवढी ती बाहेर निघे. तोवर गावाने पाहिलेल्या गाड्यांना धक्का मारला की त्या चालू होत. ही वेगळी होती. बाबांनी बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "इच्यात डोकं आहे. वायर उलटी लागली तं डोकं जळते." बॅटरी छोटी, बंद डब्याची, पाणी घालायला टोपणंच नाहीत. वर एक काचेचा डोळा, तो हिरवा दिसला की बॅटरी भरलेली. बाबांना ती गाडी हातातून जाऊ द्यायची नव्हती. पुढे अशाच गाड्या येणार हे त्यांना दिसत होतं. आणि डोळ्यांनी साथ सोडत आणल्यामुळे त्या गाड्या मीच बघणार, हेही ते आईजवळ बोलले होते. पॉलिटेक्निक नाही, लग्न नाही, मला ते दुकान हवं होतं. ते मिळणार असं मी धरून चालले होते.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. त्याच दिवशी आमच्या दुकानातल्या पान्या-पक्कडींचीही. वर्षभर ती हत्यारं मी पुसली होती, पण दसऱ्याला माझा दुसरा दिवस होता, म्हणून मी पडवीत. झेंडूचा वास तेवढा आला. वानखेड्यांकडे त्या दिवशी काय झालं ते मला नंतर कळलं, आणि मी तिथे असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. इतकं सांगून ठेवते.

दिवाळीच्या आत गाडी सेल्फ घेईना. किल्ली फिरवली की नुसती टकटक. बाबांनी बॅटरी आणून चार्ज केली. बसवली, चालली, पुढच्या रविवारी पुन्हा टकटक. पुन्हा चार्ज, पुन्हा तेच. बाबा म्हणाले, कंपनीचा माल कच्चा निघाला, आणि वर्ध्याहून नवी घेऊन आले. ती मी बसवली. आधी काळी, मग लाल सोडली, बूड पुसलं, नवी ठेवली, पट्टी आवळली, लाल, मग काळी. गाडीचं घड्याळ सगळं विसरून बाराच्या आकड्यावर लुकलुकायला लागलं. मॅडमच्या सासूबाईंनी मला कपातून चहासुद्धा दिला. घरी आले तर पाळी सुरू झालेली. आईला सांगितलं, ते आत्याने ऐकलं.

नवी बॅटरी पाचव्या दिवशी बसली.

मॅडम सकाळी बसला जाता जाता दुकानापाशी थांबल्या. मी पोत्याच्या पडद्याआड होते, हातात लसूण. बाबांनी आवाज जरासा खाली केला, पण फार नाही, कारण बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि त्यांनीही ऐकायला हवं होतं. "मॅडम, बॅटरी चांगली आहे. पोरीनं लावली नं. तिची अडचण होती त्या दिवशी. आमच्या ध्यानातच नाई आलं."

मी वाट पाहत होते. या बाईंनी मला वर्षभर विद्युतप्रवाह शिकवला होता. प्रवाहाला वाट मिळाली की तो वाहतो, नाही मिळाली की नाही वाहत, तिसरं काही नसतं, असं त्या फळ्यावर खडू आपटून सांगायच्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग म्हणाल्या, "असं का. मग या वेळी तुम्हीच बसवून द्या, काका." आणि बस पकडून, दुसऱ्या मुलींना तोच धडा शिकवायला, वर्ध्याला निघून गेल्या.

अडाणी माणसाचा मला इतका राग येत नाही. आत्या शाळेत गेलेली नव्हती. तिला जे सांगितलं गेलं ते ती सांगत होती. पण ज्यांना ठाऊक होतं ते दोघे त्या सकाळी एकमेकांसमोर उभे होते, आणि दोघांनीही दोष माझ्या अंगावर टाकून विषय संपवला. एकाची मिस्तरी वाचली, दुसरीची बस चुकली नाही.

मी बाहेर येऊन विचारलं, "मंग पहिली बॅटरी कोणाच्या अडचणीनं गेली? तिले तं मी हातई नाई लावला."

"तोंड चालवू नको," बाबा म्हणाले. बाकड्यावरचे दोघे जमिनीकडे बघत होते. दुपारी जेवताना त्यांनी ताटाकडे बघत सांगितलं, "आता तू दुकानात नको येऊ. चार दिवस नाई, कधीच नको. लोक बोलून राह्यले."

लोक बोलत होते, कारण त्यांनीच लोकांना सांगितलं होतं.

पुढच्या वेळी बाबांनी बॅटरी स्वतः चार्ज केली, स्वतः बसवली, वर नारळ फोडला. ती पुन्हा बसली. मला वाटलं आता तरी कोणी डोकं खाजवेल. आत्या म्हणाली, "एकडाव विटाळ लागला का मंग तीन खेपा जात नाई तो." नियम असे रबरी असतात. कितीही ताणा, तुटत नाहीत. आणि मला त्या वेळी एक गोष्ट कळली ती मला धंद्यात पुढे फार उपयोगी पडली. माणसाला दोष द्यायला कोणी सापडलं की तो बिघाड शोधणं बंद करतो. गाडी उभ्या उभ्या बॅटरी खाते आहे की नाही, हे बघायची सोपी रीत बाबांनीच मला शिकवली होती. काळी वायर सोडायची, आणि बॅटरीचा काळा खांब व ती सुटलेली वायर यांच्या मधे एक बल्ब धरायचा. गाडीत सगळं बंद असेल तर बल्ब पेटायला नको. पेटला, तर कुठेतरी काहीतरी चालू आहे. दोन मिनिटांचं काम. त्या बापाने ते केलं नाही, कारण त्याला कारण सापडलेलं होतं, आणि ते कारण आत लसूण सोलत होतं.

मी मुद्दाम माझा पहिला दिवस येऊ दिला. आधी जाऊन बिघाड शोधला असता तर म्हणाले असते, चांगल्या दिवसांत शोधला. आदल्या दिवशी बाबांनी बॅटरी भरून बसवली होती. रविवार होता, बाबा आर्वीला गेले होते, आत्या देवळात. मी पिशवीत बल्ब आणि वायरचे दोन तुकडे टाकले. आई चुलीपुढे होती. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठली, पडदा सारून दुकानात गेली आणि दहाचा पाना आणून माझ्या हातात दिला.

"माह्या वेळी कोणं बल्ब लावून पाह्यला नाई," म्हणाली. "जाय. भाकर झाकून ठेवतो मी."

वानखेड्यांच्या शेडपाशी सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सांगितलं, गाडी बघायला आले. "बाबा नाई आला काय?" म्हणाल्या. मग एकदम नजर बारीक करून, "तू बरी आहे नं?"

"पहिला दिवस आहे," मी म्हटलं.

त्यांच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या. "मंग काऊन आली व? गाडीत देव बसला आहे आमचा."

"देव आतमंदी आहे, काकू. बॅटरी बॉनेटखाली आहे. मी आत पाय नाई ठेवत."

आवाज ऐकून मॅडम ओल्या केसांनी बाहेर आल्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मॅडम, बॉनेटचा खटका ओढून द्या. प्रवाहाला वाट आहे का नाही, तेवढंच बघते." त्यांनी सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्यांचे. मग दार उघडून त्यांनी खटका ओढला. त्या बाईच्या नावावर माझ्याकडे बरंच काही लिहिलेलं आहे, पण तो खटका त्यांनी ओढला हेही लिहिलेलं आहे.

किल्ली काढलेली, दिवे बंद, रेडिओ बंद. आतला दिवा पेटू नये म्हणून मी दार लावून घ्यायला सांगितलं. काळी वायर सोडली. मधे बल्ब धरला. तो पेटला. भगभगून नाही, मंद, लालसर, विझत्या निखाऱ्यासारखा, पण पेटला. मी ओरडलेही नाही. मला फक्त कोणी तरी ते पाहायला हवं होतं. तेवढ्यात काचेतून आत बघत असलेल्या सासूबाईच ओरडल्या.

"अवो सूनबाई, पाह्य, पाह्य. हिनं हात लावला अन् देवाचा दिवा मंदावला."

मी वाकून काचेतून पाहिलं. समोरच्या फळीवर गणपती, गळ्यात दसऱ्याचा वाळलेला झेंडू, पायाशी बोराएवढा लाल दिवा. तो मीही आधी पाहिला होता. बॅटरी बसवली त्या दिवशी तो माझ्या डोळ्यांसमोर पेटला होता. देवापुढे दिवा असणारच, त्यात काय विचारायचं, म्हणून मी नजर पुढे नेली होती. सगळ्यांनी नेली होती. अख्ख्या गावाने त्या दिव्याला नमस्कार केला होता आणि कोणी विचारलं नव्हतं की गाडी बंद असताना हा जळतो कशावर.

मी बल्ब काढून वायर बॅटरीला टेकवली. देवाचा दिवा लख्ख झाला. पुन्हा बल्ब मधे धरला. देव मंद, माझा बल्ब मंद. दोनदा केलं. सासूबाईंनी हात जोडले. मॅडमनी मात्र कपाळाला हात लावला. "आई," त्या सावकाश म्हणाल्या, "ते दोन्ही दिवे एकाच वाटेवर आहेत."

"आत काय काय चालू असते रात्रंदिवस?" मी विचारलं.

"काहीच नाई चालू," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "नुसता देव आहे."

मॅडमनी दार उघडलं, बटण दाबून आतला दिवा बंद केला, चप्पल काढली आणि गणपतीच्या पायाशी हात घालून तो बोराएवढा बल्ब पिळून बाहेर काढला. माझ्या हातातला बल्ब विझला.

"कोणी जोडला हा?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

"तुह्याच बापानं," सासूबाई म्हणाल्या. "पूजेच्या दिवशी. मी म्हटलं, गाडी बंद झाली का देव अंधारात काऊन बसते? थो म्हणे, आई, फिकर नोका करू, डायरेक्ट देतो, कधीच नाई विझणार." घड्याळाला जी कायम चालू वायर असते, तिलाच त्यांनी आतून जोड दिला होता. काम सफाईचं होतं. बॅटरीपाशी एकही जादा वायर दिसत नव्हती. एवढा बल्ब एका दिवसात फारसं खात नाही. पण छोटी बॅटरी, आणि गाडी सहा दिवस आच्छादनाखाली. दसऱ्याला मला पडवीत बसवलं नसतं तर तो जोड माझ्यासमोर झाला असता, आणि मी तेव्हाच विचारलं असतं.

अलीकडे माझ्या दुकानात नव्या गाड्या येतात. सिग्नलला आपोआप बंद पडणाऱ्या, पुन्हा आपोआप चालू होणाऱ्या. त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या जातीच्या, बदलल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, नाहीतर ती नव्या बॅटरीलाही जुनीसारखीच वागवते. काळ्या खांबावर सेन्सर असतो, म्हणून चार्जरचा काळा चिमटा खांबाला न लावता गाडीच्या पत्र्याला लावायचा. हे सगळं शिकता येतं, मी चाळिशीनंतर शिकले. पण महिन्यातून दोन-तीन गाड्या अशा येतात की बॅटरी नवी, चार्जिंग बरोबर, तरी आठवड्यात बसते. कंपनीला शिव्या देत येतात. "आत काहीच चालू नसतं, ताई." मी विचारते, "देव कुठं बसवला आहे?" आता देवाबरोबर काचेला चिकटवलेले कॅमेरेही असतात, पण उत्तर बहुतेक वेळा पायाशीच सापडतं.

त्या रविवारी संध्याकाळी बाबा जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं. अंबाडीची भाजी होती. त्यांनी मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बराच वेळ फिरवला आणि खाल्ला. आत्या म्हणाली, "असल्या दिवसात देवाच्या गाडीले हात लावून आली हे, अन् तुले सांगून राह्यली तोंड वर करून." बाबा म्हणाले, "पाहून घेतो उद्या." एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन तो जोड काढला आणि दिवा किल्लीच्या वायरवर दिला. किल्ली फिरली तर देव पेटणार. बॅटरी बसायची थांबली. आणि दुकानात कोणी विचारलं तेव्हा मी पडद्याआडून ऐकलं, "काई नाई, कंपनीचीच वायर ढिली होती."

मी पडदा सारून बाहेर आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, तेवढी रीत पाळली. "वायर ढिली होती काय, बाबा?"

"मंग काय सांगू लोकाईले? मी चुकलो म्हणून?"

"मी चुकली म्हणून सांगतानी तं जीभ नाई अडली."

त्यांनी हात उगारला नाही. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. ते पाना पुसत राहिले. "पोरीच्या जातीचं लोक इसरून जातात," म्हणाले. "मिस्तरीचं नाई इसरत. हे दुकान त्याच्यावरच चालते. तूई त्याच्यावरच जेवते."

हे खरं होतं आणि म्हणूनच जास्त संतापजनक होतं. मी रडले वगैरे नाही. लोक विसरले नाहीत हेही सांगते. पुढचे कित्येक आठवडे बायका मला नळावर विचारायच्या, "तुह्या हातानं गाडी बंद पडलती म्हणे?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, कारण बोलायचं तर देवाचंच नाव पुढे आलं असतं. मॅडमनी मला एकदा बसमध्ये जागा करून दिली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मी उभीच राहिले.

पुढच्या महिन्यात माझा दुसरा दिवस होता. सकाळी पडवीत चटई अंथरलेली होती. आईने वरून भाकर टाकली नाही. तिने ताट माझ्या हातात दिलं, हाताला हात लावून, आत्याच्या डोळ्यांदेखत, आणि म्हणाली, "खाऊन घे अन् दुकानात बस. थ्या चार बॅटऱ्याइचं पाणी पाहाचं राह्यलं." आत्या काहीतरी म्हणाली. आई म्हणाली, "तुमी लोनचं सांभाळा, बाई." लग्न झाल्यापासून आई तिला इतकं लांब वाक्य बोलली नव्हती.

मी पडदा सारला, फळीपाशी स्टूल ओढलं, टोपणं काढली आणि हायड्रोमीटर घेतला. बाबा दारात बिडी ओढत होते. त्यांनी पाहिलं. उठून आले नाहीत. थोड्या वेळाने एक ट्रॅक्टरवाला खांद्यावर बॅटरी घेऊन आला, तोच, जो त्या सकाळी बाकड्यावर बसून जमिनीकडे पाहत होता. त्याने बॅटरी खाली ठेवली नाही. मनातल्या मनात दिवस मोजत असावा. "आज बाहेर नाई काय व तू?"

"आहे," मी म्हटलं. "दुसरा दिवस आहे. ठेवा बॅटरी."

तो बाबांकडे वळला. खांद्यावर ते जड धूड तसंच. बाबांनी बिडी विझवली, पायाखाली चुरडली, दाराबाहेर रस्त्याकडे बघितलं. तिकडून बस येत नव्हती, कोणीच येत नव्हतं. चार्जरची घूं तेवढी चालू होती. मग ते त्याच्याकडे न बघता, माझ्याकडेही न बघता बोलले.

"ठेव नं खाली. थ्या वानखेड्याच्या गाडीत देवाच्या दिव्याचा जोड मी चुकवलता. इनंच चूक धरली." आणि लगेच, आवाज चढवून, जसं मधे काही झालंच नव्हतं, "कांडी कुठं आली, अर्चे?"

"लाल पट्टीत," मी म्हटलं.